वर्गमित्रांनी मिळून गरजू विद्यार्थ्यांना मदत करायची आहे. पैसे द्यावेत कसे?

नमस्कार.

आमची तुकडी १९९४ साली पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातून बाहेर पडली. (नावात 'सावित्रीबाई फुले' आले ते २०१४ साली, त्यामुळे आमच्या गुणपत्रिकांवर जुनेच नाव आहे.) मध्यंतरी आम्ही एकोणीस जण गणेशखिंडीच्या आवारात पुन्हा जमलो, जयकर ग्रंथालयापाशी बराच वेळ रेंगाळलो, आणि निघता निघता एकाने विषय काढला की दरवर्षी थोडी रक्कम जमवून विद्यापीठात शिकणाऱ्या अडलेल्या मुलामुलींची नड भागवावी. त्याच रात्री व्हॉट्सॲप गटावर आकडे पडू लागले आणि सुमारे २ लाख १० हजार रुपये कबूल झाले. आता तीन महिने उलटले तरी ते द्यायचे कसे, यावर एकमत होत नाही. म्हणून येथे विचारतो आहे.

मतभेदाचे मूळ एका आठवणीत आहे. आमच्याबरोबर मराठवाड्यातल्या एका कोरडवाहू गावचा मित्र होता. मेस रविवारी संध्याकाळी बंद असे. दुपारी मात्र गोडाचे जेवण असे आणि त्याला सगळे फीस्ट म्हणत. रात्री आम्ही वडापाव नाहीतर भुर्जीपाव खायला बाहेर पडायचो. तो यायचा नाही. "दुपारचे अजून जड आहे," असे तो दोन वर्षे जवळजवळ प्रत्येक रविवारी म्हणाला आणि आम्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही. या भेटीत त्याने हसत हसत सांगितले की फीस्टमधल्या दोन पुऱ्या तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून रात्रीसाठी ठेवत असे, आणि एका रविवारी मी खोली आवरताना ती पुडी कचरा समजून टाकून दिली होती. मला ती पुडी आठवते. कागदावर तेलाचा डाग पसरला होता, आणि आत काय आहे हे मी उघडून पाहिले नव्हते.

त्याच वर्षी परीक्षेचे शुल्क भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण रक्कम हाती आली नव्हती. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मुदतवाढ मागायला तो खिडकीपाशी गेला, तेव्हा लिपिकाने "तुमची पावती इथेच राहून गेली होती, घेऊन जा," एवढेच म्हणून भरलेल्या शुल्काची पावती त्याच्या हातात ठेवली. पैसे कोणी भरले हे त्याला आजतागायत कळलेले नाही. आमच्यात सर्वांत मोठी रक्कम त्याचीच आहे आणि त्याची अट एकच आहे : घेणाऱ्याला कोणापुढेही आपली गरिबी सिद्ध करावी लागू नये.

दुसरीकडे, हिशेब सांभाळणारी आमची मैत्रीण म्हणते की उत्पन्नाचा दाखला आणि अर्ज घेतल्याखेरीज पैसे दिले तर ते गरजूला न मिळता बोलक्याला मिळतील. तिचेही खोटे नाही. शाल, श्रीफळ आणि धनादेशासह छायाचित्र हा प्रकार नको, एवढ्यावरच आमचे सर्वांचे एकमत आहे.

तेव्हा ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांना विचारायचे आहे की, अर्ज न मागवता गरजू विद्यार्थी ओळखायचे कसे? एवढ्या रकमेसाठी न्यास नोंदवण्याचा खटाटोप करावा का? दोन मित्र अमेरिकेत आहेत. त्यांचे पैसे घेताना काही अडचण येते का?

— गणेशखिंडकर

प्रतिसाद :

गणेशखिंडकर साहेब, मी एका वसतिगृहाच्या समितीवर काही वर्षे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

न्यास नोंदवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण आणि विश्वस्तांच्या बदलाचे अर्ज यांतच उत्साह संपतो. पुण्यात हे काम मुरलेल्या संस्था आहेत. विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांसाठी काम करते. आयकराची ८०जी मान्यता असलेल्या संस्थेला देणगी दिल्यास जुन्या करप्रणालीत वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही, आणि २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर तर कोठेच मिळत नाही. अमेरिकेतल्या मित्रांकडे पासपोर्ट कोणता आहे ते आधी विचारा. भारतीय नागरिकत्व कायम असेल तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही. नागरिकत्व बदलले असेल तर ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचे) कार्ड असूनही ती तशी ठरते, आणि मग ती एफसीआरए, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच देता येते.

गरजू ओळखण्याचे म्हणाल, तर मेसच्या मालकाइतकी नेमकी माहिती प्राध्यापकांनाही नसते. कोणाचा महिना थकला, कोणी दोन वेळांवरून एका वेळेवर आले, हे त्याच्या वहीत असते. आम्ही दोन मेसवाल्यांकडे आगाऊ रक्कम ठेवली होती. ते त्या मुलाला "तुमचे खाते या महिन्यापुरते भरलेले आहे," एवढेच सांगत. परीक्षेच्या शुल्कासाठी मात्र विभागातले एखादे विश्वासू माणूस गाठा. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती असो की पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, रक्कम बँक खात्यात जमा होईपर्यंतचे महिनेच मुलांना जड जातात, आणि त्या काळात चार-पाच हजार रुपयेही पुरतात.

— वहीवाला

वहीवाले काका, मनापासून आभार. मेसच्या वहीचे आम्हा कोणालाच सुचले नव्हते. परवा गटावर आपला प्रतिसाद जसाच्या तसा टाकला आणि तीन महिन्यांत प्रथमच हिशेबवाली मैत्रीण व मराठवाड्याचा मित्र एकाच बाजूला आले; वही हाच तिला पुरावा वाटतो आणि अर्ज नाही म्हणून तो खूश आहे. न्यासाचा विचार सोडला आहे. अमेरिकेतल्या दोघांपैकी एकाने नागरिकत्व घेतलेले आहे, त्यामुळे त्याची रक्कम एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेकडेच जाईल.

एक शंका उरते. मुलाला शिष्यवृत्ती मिळाल्यावर त्याने स्वतःहून पैसे परत आणले, तर घ्यावेत का? मित्र म्हणतो की घ्यावेत, कारण त्या पावतीचे पैसे कोणाला परत करावेत हे कळले नाही, याचीच त्याला इतकी वर्षे रुखरुख आहे. आपल्याकडे कोणी परत आणले होते का?

— गणेशखिंडकर

आणले होते. आम्ही घेतले, आणि त्याच्याच देखत वहीत पुढच्या मुलाच्या नावावर लिहिले. नाव त्याला दिसू दिले नाही.

— वहीवाला