अनुभव धागा: नाकातून शिरलेली बुरशी

माळ्यावरची: आज माळा आवरताना बाबांच्या फायलीत पोसाकोनाझोलचं (बुरशीवरच्या गोळ्यांचं) रिकामं पाकीट सापडलं आणि मे २०२१ डोळ्यांपुढे आला. कोविडमधून घरी येऊन दहा दिवस झालेले, स्टेरॉइडमुळे साखर चारशेच्या घरात. म्हणाले, "दाढ हलतेय, गाल बधिर झालाय." मी लवंगेचं तेल लावलं! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घातली तर आत काळी खपली. तुकडा केओएच तपासणीला (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायला) गेला, संध्याकाळी फोन: म्युकर, म्हणजे काळी बुरशी. वरचा अर्धा जबडा काढावा लागला. साठ किलो वजनाला रोज ३०० मिग्रॅ लायपोसोमल अँफोटेरिसिन (बुरशीवरचं इंजेक्शन), म्हणजे ५० मिग्रॅच्या सहा कुप्या, आणि गावात एक मिळेना. तुम्हीही लिहा.

मिरजेची: कुप्यांचं नावच नको. दादा सांगली, कोल्हापूर, बेळगाव फिरला. चार मिळाल्या.

शेवग्याची शेंग: आईला अँफोटेरिसिन सलाइनमधून नाही, ग्लुकोजमधूनच द्यायचे. मूत्रपिंडासाठी रोज क्रिएटिनिनची तपासणी, शिवाय पोटॅशियमची. पोटॅशियम घसरलं की द्यायचं ते पातळ औषध इतकं घाण की आई म्हणे, बुरशी परवडली. कूकर लावलाय, उरलेलं नंतर.

जुनी खोकली: माझं म्युकर नाही, एबीपीए, म्हणजे फुप्फुसात बुरशीची अॅलर्जी. दमा लहानपणापासूनचा. एक्स-रेत डाग दिसले म्हणून सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, थुंकीत जंतू एकदाही सापडला नव्हता! खोकल्यातून तपकिरी बुचं पडायची, ती कोणी विचारलीच नाहीत. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आयजीई (अॅलर्जीची रक्ततपासणी) करायला लावलं, ४,८०० आलं, खूपच जास्त. अस्परजिलस बुरशीची अॅलर्जी. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, मग बुरशीवरचं इट्राकोनाझोल. चेहरा पुरणपोळीसारखा फुगला, पण रात्री झोप लागली.

माळ्यावरची: सहा महिने?? बाई गं.

फिनिक्सची सून: इकडे अॅरिझोनात व्हॅली फीव्हर. बुरशी मातीतली, धूळ उडाली की छातीत. न्यूमोनिया म्हणून दोनदा अँटिबायोटिक्स झाली, मग रक्ततपासणीत कॉक्सी (हीच बुरशी) निघालं. बुरशीवरचं फ्लुकोनाझोल चालू आहे. सासूबाई व्हिडिओ कॉलवर: ताट वेगळं ठेव हो. अहो आई, माणसाकडून माणसाला होत नाही!

बाल्कनीवाला: कबुतरांचं काय? समोरच्या काकू रोज ज्वारी टाकतात.

जुनी खोकली: विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते. वाळलेली झाडू नका, आधी पाणी मारा, मास्क लावा. काकूंना सांगून बघा.

बाल्कनीवाला: सांगितलं. आता माझ्या बाल्कनीतही टाकतात.

मिरजेची: 😂 बाबा कसे आहेत गं आता?

माळ्यावरची: मजेत. टाळूला कवळीसारखी प्लेट आहे. ती काढली की आवाज नाकातून येतो, मग नातवाला भूत होऊन घाबरवतात. शेंगे, कूकर उतरवलास का?

शेवग्याची शेंग: डाळ लागली.