वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, मदत हवी आहे

मंडळी, आम्ही सातव्या, म्हणजे अगदी वरच्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षभरात आजूबाजूला चार नव्या इमारती उभ्या राहिल्या, सगळ्यांचे नळ त्याच जुन्या लाइनवर. आता आमची खालची टाकी भरायलाच दुपार होते, आणि गच्चीवरची कधी निम्म्यावर जातच नाही. सकाळी साडेसातला नळ आधी फुसफुसतो, दोनदा खोकतो, मग करंगळीएवढी धार. बादली भरेपर्यंत माझा चहा पिऊन होतो!

प्लंबर म्हणतो, प्रेशर पंप बसवा. त्याचं गणित पटतं: दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब, आणि आमचा शॉवर टाकीच्या तळापासून जेमतेम दोन मीटर खाली. म्हणजे 0.2 बार, त्यात गीझर काय चालणार? पण टाकीत पाणीच नसेल तर पंप कोरडा फिरून जळेल ना?

कोणी असा पंप बसवलाय का? पाणी संपल्यावर आपोआप बंद होणारा मिळतो, तो खरंच बंद होतो का? आवाज किती? शिवाय आमच्या पंपामुळे खालच्या मजल्याचं पाणी ओढलं जाईल, असं शेजारच्या काकू आत्ताच म्हणू लागल्यात.