पॉलिसी बनवताना सरकार पब्लिकला का विचारतं?

वाटसरू_पुणे: मायगव्हवर (केंद्र सरकारची लोकसहभागाची साइट) परत एक 'आपल्या सूचना पाठवा' आलंय. खात्यांकडे आयएएस आहेत, कन्सल्टंट आहेत, समित्या तर ढिगाने, मग आपल्याला कशाला विचारतात? खरंच वाचतं का कोणी की नुसता देखावा?

तांबडा_पांढरा: स्वस्तात चांगलं मिळतं हे एक कारण आहेच. स्वच्छ भारतचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगो २०१४ ला मायगव्हच्या स्पर्धेतूनच आला, आमच्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचा 😎 पण लोगोने कुणाच्या पोटात दुखत नाही, पॉलिसीने दुखतं.

नेटपडीक: अगदी. भांडण असलं की कारण बदलतं. ट्रायचं, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाचं, २०१५ चं नेट न्यूट्रॅलिटी (सगळ्या साइट्सना नेटवर सारखीच वागणूक) आठवा, दहा लाखांवर ईमेल गेले, बरेचसे एकाच साच्यातले, मीपण कॉपी-पेस्टच केलं होतं, आणि ट्रायने ते सगळे ईमेल आयडीसकट साइटवर टाकून दिले, स्पॅमवाल्यांची दिवाळी! पण फेब्रुवारी २०१६ मध्ये फेसबुकच्या फ्री बेसिक्ससारख्या, ठरावीक साइट्सच फुकट देणाऱ्या स्कीम बंद झाल्या ना. त्या ईमेलमध्ये नवीन माहिती फार नसेल, पण टेलिकॉमवाल्यांना आणि फेसबुकला नाही म्हणायचं तर पाठीशी कोणीतरी लागतं, ते मिळालं.

आराखडाग्रस्त: आणि लोकांचं मत नको असलं की कसं करतात तेही बघा. पर्यावरण परवानग्यांचा ईआयए २०२० मसुदा, ऐन लॉकडाऊनमध्ये, फक्त इंग्रजी-हिंदीत. आता कोकणातला मच्छीमार त्यावर काय डोंबल हरकत घेणार? दिल्ली हायकोर्टाने बाकी भाषांत आणा म्हटलं तर मंत्रालय सुप्रीम कोर्टात गेलं!
त्यापेक्षा आपलं जुनं 'हरकती व सूचना' बरं. शहराच्या डीपीला (विकास आराखड्याला) एमआरटीपी या नगररचना कायद्यात सुनावणी द्यावीच लागते. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या डीपीवर ८० हजारांच्या वर हरकती आल्या होत्या. जमिनीवरचं आरक्षण उठेलच असं नाही, पण समोर बसून ऐकावं तरी लागतं. मायगव्हवर सबमिट दाबलं की विषय संपला.

वाटसरू_पुणे: म्हणजे टाकू की नको?

आराखडाग्रस्त: टाका, पण कलम नंबर घालून, त्याजागी कुठले शब्द हवेत ते लिहून. 'भ्रष्टाचार थांबवा' वाचून अंडर सेक्रेटरी तरी काय करणार, पुढचा मेल उघडणार.