मदत हवी आहे: 'एक्सकॉम २' आधी साधा खेळू, की थेट 'वॉर ऑफ द चोझन' या विस्तारासकट?

'एक्सकॉम' म्हणजे सैनिकांची तुकडी घेऊन एलियन्सशी पाळीपाळीने लढायचा व्हिडिओ गेम. त्यातला २०१२ चा 'एक्सकॉम: एनिमी अननोन' क्लासिक (अवघड) लेव्हलवर पूर्ण झालाय, त्याचा विस्तार 'एनिमी विदिन'सुद्धा. आता 'एक्सकॉम २' (२०१६) मध्ये अडलोय.

सुरुवातीला लपून राहायचं, दबा धरायचा आणि शत्रूची अख्खी तुकडी एकदम ओव्हरवॉचने (शत्रू हलला की आपोआप गोळी) उडवायची, हे पहिल्या भागापेक्षा कितीतरी सरस आहे. माणसं आधीच हरलेली असणं हेही आवडलं. पण बऱ्याच मोहिमांत टर्न (पाळ्या) मोजून मिळतात! मी इंचाइंचाने सरकणारा खेळाडू. इथे तसं केलं की वेळ संपते, पळालो की नवीन टोळी अंगावर येते. त्यात नकाशावर अवतार प्रोजेक्टची, म्हणजे एलियन्सच्या गुप्त योजनेची पट्टी भरत राहते; ती पूर्ण भरू द्यायची नसते. (एलियन्सचे तळ उडवून ती मागे नेता येते, हे माहीत आहे.)

लेव्हल कमी करून पाहिली: शत्रू मवाळ झाले, घाई तशीच. टायमर काढणारे मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) आहेत, पण मग गनिमी काव्यात राहिलं काय? म्हणून पहिल्या खेपेला मॉड नकोत. आयर्नमॅन (जुन्या सेव्हवर परतता न येणारा मोड) लावलेला नाही. 'लाँग वॉर' हे खेळ खूप लांबवणारं मॉडसुद्धा सुचवू नका, तेवढा वेळ नाही.

२०१७ चं 'वॉर ऑफ द चोझन' घ्यावं का, हा प्रश्न आहे. त्यातला रीपर सैनिक न दिसता पुढची टेहळणी करतो, म्हणजे टायमरचा ताण खरंच हलका होतो का? की तिघे चोझन (पुन्हा पुन्हा आडवे येणारे बलाढ्य शत्रू) आणि दमणारे सैनिक यामुळे नवख्याची दमछाक आणखी वाढते? दोन्ही खेळलेल्यांनी सांगा, चालू कॅम्पेन पुढे रेटू की नव्याने सुरू करू?