इन्स्टॉलनंतर केडंप खरंच चालतो का, हे हाताने कसं तपासायचं?

नवासर्व्हर:
नमस्कार मंडळी. एका नवीन सर्व्हरवर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ टाकलंय, ३२ जीबी रॅम आहे, स्टोरेज फायबर चॅनलवरून (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) येतं. इन्स्टॉलरमध्ये केडंपचं (कर्नल कोसळला तर त्याची मेमरी फाइलमध्ये उतरवून ठेवणारी सोय) पान आलं तिथे ते चालू ठेवलं होतं, आणि आता सर्व्हिसचं स्टेटस बघितलं तर ॲक्टिव्ह दिसतंय, बूटला आपोआप सुरू पण होते. मशीन आता डेटाबेसवाल्या टीमकडे जायचंय पण आमचे सीनियर म्हणतात की त्याआधी एकदा स्वतः कर्नल पाडायचा आणि डंप फाइल हातात घेऊन दाखवायची. माझे प्रश्न असे की कर्नल मुद्दाम पाडायचा म्हणजे नेमकं काय करायचं, त्याने डिस्कवरच्या डेटाला काही होईल का, आणि राखीव मेमरी पुरेशी आहे हे आधीच कळतं का? स्टेटस ॲक्टिव्ह असताना एवढं करायची खरंच गरज असते का हेही सांगा.

रात्रपाळी:
गरज असते, आणि तुमचे सीनियर अगदी बरोबर सांगतायत. ॲक्टिव्ह याचा अर्थ एवढाच की दुसरा कर्नल राखीव मेमरीत लोड करून ठेवलाय. तो उठेल का, उठल्यावर त्याला डिस्क दिसेल का, फाइल पूर्ण लिहून होईल का, यातलं काहीच ते स्टेटस सांगत नाही. केडंपचं काम कसं चालतं ते एकदा डोळ्यासमोर आणा म्हणजे टेस्ट कशाची करतोय ते कळेल. बूटच्या वेळी क्रॅशकर्नल या पॅरामीटरने रॅमचा एक तुकडा बाजूला काढला जातो, मुख्य कर्नल त्याला हात लावत नाही. पॅनिक झाला, म्हणजे कर्नल कोसळला, की केएक्झेक त्या तुकड्यातला दुसरा कर्नल सुरू करतो, बायॉसमधून न जाता थेट, त्यामुळे जुन्या कर्नलची मेमरी आहे तशी राहते आणि दुसरा कर्नल ती वाचून व्हीएमकोर नावाच्या फाइलमध्ये लिहितो. हे २००५ साली २.६.१३ कर्नलमध्ये आलं.

पाडायच्या आधी एवढं बघा. प्रॉक डिरेक्टरीखालची सीएमडीलाइन फाइल (बूटचे पॅरामीटर यात असतात) वाचा, त्यात क्रॅशकर्नल दिसलं पाहिजे. मग सिस खालच्या कर्नल डिरेक्टरीत केएक्झेक_क्रॅश_लोडेड नावाची फाइल आहे, त्यात १ हवा, ० असेल तर पुढे जाऊच नका. शेजारीच केएक्झेक_क्रॅश_साइझ आहे, त्यात राखीव मेमरी बाइटमध्ये दिसते. आरएचईएल ९ मध्ये डिफॉल्ट असा आहे की १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ ला २५६ एमबी आणि त्यावर ५१२ एमबी, म्हणजे तुमच्याकडे २५६ असणार. जुन्या लेखांत क्रॅशकर्नल=ऑटो लिहिलेलं सापडेल, ९ मध्ये ते काढून टाकलंय, ते टाकू नका. केडंपसीटीएल एस्टिमेट चालवलं की ते या मशीनसाठी अंदाजे किती लागेल ते सांगतं, पण तो अंदाजच, खरं उत्तर टेस्टमध्येच मिळतं.

आता पाडणं. सगळे ॲप बंद करा, डेटाबेस अजून नाही हे चांगलंच आहे. माउंट केलेलं जे काही नको असेल ते अनमाउंट करा, मग सिंक दोनदा चालवा, म्हणजे कॅशमधलं डिस्कवर जाईल. पॅनिक म्हणजे शटडाउन नव्हे, कर्नल जागच्या जागी थांबतो, तेव्हा जे लिहून झालं नसेल ते गेलं. एक्सएफएस आणि ईएक्सटी४ या दोन्ही फाइलसिस्टीममध्ये जर्नल (बदलांची नोंद) असतो, पुढच्या बूटला तो रिप्ले होतो, त्यामुळे फाइलसिस्टीम मोडत नाही, पण ॲपचा अर्धवट डेटा वाचवणं जर्नलचं काम नाही. म्हणून ही टेस्ट हँडओव्हरच्या आधी, नंतर नाही.

मग रूट होऊन प्रॉक खालच्या सिसआरक्यू-ट्रिगर (सिसआरक्यू म्हणजे कर्नलला थेट आदेश द्यायची सोय) फाइलमध्ये छोटा सी हे अक्षर इको करून लिहायचं. सुडो इको करून रीडायरेक्ट केलंत तर परमिशन डिनाइड येईल कारण रीडायरेक्ट तुमचं शेल करतं, सुडो नाही, तेव्हा टी या कमांडला पाइप करा किंवा सरळ रूट शेल घ्या. सिसआरक्यू सेटिंग आधी १ करा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते सेटिंग कीबोर्डवरून दिलेल्या कॉम्बिनेशनला लागू आहे, ट्रिगर फाइलमध्ये रूटने लिहिलेलं नेहमीच चालतं.

सगळ्यात महत्त्वाचं, हे एसएसएचमधून करून तिथेच वाट बघत बसू नका. एसएसएच लगेच गोठेल आणि पुढचं काही दिसणार नाही. सीरियल कन्सोल किंवा बीएमसीचा (सर्व्हर लांबून सांभाळणारी बोर्डवरची वेगळी चिप) रिमोट कन्सोल उघडा ठेवा, पॅनिकचा मेसेज, मग दुसऱ्या कर्नलचा बूट, मग मेकडंपफाइल या डंप लिहिणाऱ्या प्रोग्रामची टक्केवारी चढताना दिसली पाहिजे आणि शेवटी रीबूट.

उबुंटूप्रेमी:
वरचं सगळं बरोबर. उबुंटूवर कोणी हेच करत असेल तर थोडा फरक आहे म्हणून लिहितो. तिथे लिनक्स-क्रॅशडंप पॅकेज टाकायचं, ते केडंप-टूल्स आणतं, आणि इन्स्टॉल झाल्यावर एकदा रीबूट हवाच कारण मेमरी बूटलाच राखीव होते, बरेच जण इथेच अडकतात आणि म्हणतात चालत नाही. केडंप-कॉन्फिग शो चालवलं की त्यात रेडी टू केडंप असं आलं पाहिजे. फाइल व्हार-क्रॅश खाली तारीख-वेळेच्या डिरेक्टरीत येते, डंप आणि डीमेसेज अशा दोन, दोघींच्या नावात तीच वेळ. पाडायची पद्धत तीच.

नवासर्व्हर:
खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. केलं आज. सीएमडीलाइन ठीक होती, लोडेड १ होता, साइझ २५६ एमबी. कन्सोल उघडून सी लिहिला, पॅनिक दिसला, दुसरा कर्नल उठला, ड्रायव्हरच्या भरपूर ओळी गेल्या आणि मग आउट ऑफ मेमरी, काही प्रोसेस मारल्या आणि मशीन रीबूट. वर आल्यावर व्हार-क्रॅश रिकामं. सर्व्हिस मात्र पुन्हा ॲक्टिव्हच दाखवतेय! आता काय?

रात्रपाळी:
बघा, टेस्ट करायला लावतात ते यासाठीच. खऱ्या क्रॅशच्या दिवशी हे कळलं असतं तर हातात रीबूटशिवाय काहीच राहिलं नसतं, आणि तोच क्रॅश परत येईपर्यंत नुसती वाट बघायची.

फायबर चॅनल कार्डचे ड्रायव्हर मेमरी बरीच खातात, मल्टिपाथ (एकाच डिस्ककडे जाणारे अनेक मार्ग) असेल तर आणखी, आणि दुसऱ्या कर्नलला तेवढ्या तुकड्यातच सगळं भागवायचं असतं. क्रॅशकर्नल ५१२ एमबी करा, ग्रबी या कमांडने सगळ्या कर्नलना अपडेट करून रीबूट. एवढी रॅम ३२ जीबीतून गेली तर डेटाबेसवाल्यांना कळणारही नाही, फक्त त्यांना आधी सांगा कारण फ्री मध्ये तेवढी कमी दिसते. रीबूटनंतर साइझची फाइल पुन्हा वाचा, ५१२ आलंय ना ते बघूनच परत पाडा.

आणि टेस्टपुरतं केडंप.कॉन्फ मध्ये फेल्युअर_ॲक्शन शेल करून ठेवा. डिफॉल्ट रीबूट असतो, त्यामुळे काय बिघडलं ते वाचायच्या आत स्क्रीन जाते. शेल ठेवलंत तर अडकलं तिथेच थांबेल, आत जाऊन डिस्क दिसतेय का, माउंट झालीय का, मेमरी किती उरली ते बघता येतं. कॉन्फिग बदलल्यावर केडंप सर्व्हिस रीस्टार्ट करायची म्हणजे त्याचा वेगळा इनिटरॅमएफएस (बूटला लागणाऱ्या फाइलींचा संच) पुन्हा बनतो. काम झालं की ही सेटिंग परत रीबूटवर आणा नाहीतर प्रॉडक्शन मशीन शेलवर अडकून राहील आणि कुणाला पत्ता लागणार नाही.

लॉगवाचक:
अजून दोन गोष्टी घालतो, अनुभवाने सांगतोय त्या करूनच घ्या. एक म्हणजे हार्डवेअर वॉचडॉग, मशीन अडकलंय असं वाटलं की ते रीसेट करणारा टायमर. बीएमसीचा वॉचडॉग चालू असेल आणि डंप लिहायला वेळ लागला तर तो मध्येच मशीन रीसेट करतो, मग व्हीएमकोर-इनकम्प्लीट नावाची अर्धी फाइल मिळते. अशी फाइल दिसली तर आधी वॉचडॉग आणि मग डिस्कवरची जागा बघा.

दुसरं, दुसरा कर्नल ज्या सीपीयूवर क्रॅश झाला त्याच सीपीयूवर उठतो. म्हणून टास्कसेट (कमांड ठरावीक सीपीयूवर चालवणारं टूल) लावून ० सोडून दुसऱ्या एखाद्या सीपीयूवरून पण एकदा पाडा. आणि सिसआरक्यूची टेस्ट म्हणजे कर्नल स्वतःहून शहाण्यासारखा पडला त्याची टेस्ट, मशीन पूर्ण गोठलं तर कमांड टाईप कुठे करणार? त्यासाठी कर्नल.अननोन_एनएमआय_पॅनिक ही सेटिंग १ करून बीएमसीकडून आयपीएमआयटूलच्या चॅसिस पॉवर डायग ने एनएमआय (सीपीयूला दुर्लक्ष करता न येणारा इंटरप्ट) पाठवून बघा. व्हर्च्युअल मशीनला तेच काम व्हर्श इंजेक्ट-एनएमआय करतं. डेटाबेस सर्व्हर बहुतेक वेळा पडत नाहीत, लटकतात, म्हणून मला तर हीच टेस्ट जास्त मोलाची वाटते.

नवासर्व्हर:
५१२ ने झालं! टक्केवारी १०० पर्यंत गेली, रीबूट झाला, व्हार-क्रॅश मध्ये डिरेक्टरी आली, आत व्हीएमकोर आणि व्हीएमकोर-डीमेसेज.टीएक्सटी दोन्ही आहेत. टेक्स्ट फाइलच्या शेवटी सिसआरक्यू ट्रिगर्ड क्रॅश लिहिलंय. फाइल रॅमच्या मानाने फारच लहान आहे, ती अर्धवट तर नाही ना? टास्कसेट आणि एनएमआयची टेस्ट उद्या करतो.

रात्रपाळी:
अभिनंदन. लहान असणं बरोबरच आहे. मेकडंपफाइलला डिफॉल्ट -डी ३१ दिलेलं असतं, ते १, २, ४, ८ आणि १६ ची बेरीज, म्हणजे शून्याने भरलेली पानं, दोन प्रकारची कॅश, युजर प्रोसेसची पानं आणि मोकळी पानं सगळी वगळतो, वर कॉम्प्रेस पण करतो. कर्नलचा बग शोधायला उरलेलं पुरतं.

पण पूर्ण आहे की नाही ते उघडूनच ठरवा. क्रॅश युटिलिटी टाका, आणि त्याच कर्नलचं डीबगइन्फो पॅकेज (यात व्हीएमलिनक्स ही डीबग माहितीसकटची कर्नल फाइल असते), व्हर्जन तंतोतंत तेच हवं, एक आकडा जरी वेगळा असला तरी उघडणार नाही. व्हीएमलिनक्स आणि व्हीएमकोर दोन्ही देऊन क्रॅश सुरू करा, वरच पॅनिकचं कारण आणि क्रॅशची वेळ येते. मग बीटी टाका, बॅकट्रेसमध्ये सिसआरक्यूचं फंक्शन आणि तुमचं बॅश दिसलं पाहिजे. पीएस आणि लॉग पण चालवून बघा. हे सगळं प्रॉडक्शन मशीनवर करायची गरज नाही, फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊन उघडता येते.

लॉगवाचक:
नेताना जपून मात्र. युजर पानं वगळली तरी कर्नलच्या मेमरीत किल्ल्या, नेटवर्क बफर, फाइलची नावं असं बरंच राहतं. व्हार-क्रॅशचं परमिशन फक्त रूटला ठेवा आणि बाहेर सपोर्टला पाठवायची वेळ आली तर आधी सिक्युरिटी टीमला विचारा. टेस्टची फाइल काम झालं की उडवा.

नवासर्व्हर:
बीटी मध्ये बॅश दिसलं, सीनियरना स्क्रीन दाखवली. शेवटचं एक, पुढे कर्नल अपडेट झाला की हे परत करायचं का? आणि लोकल डिस्कऐवजी दुसऱ्या सर्व्हरवर डंप टाकायचा असेल तर?

रात्रपाळी:
कर्नलचं मोठं व्हर्जन बदललं, स्टोरेज किंवा नेटवर्क कार्ड बदललं, रॅम वाढवली, यातलं काहीही झालं की मेंटेनन्स विंडोमध्ये एकदा परत पाडायचं. छोट्या अपडेटला निदान लोडेडची फाइल १ आहे ना तेवढं रीबूटनंतर बघायचं.

दुसऱ्या सर्व्हरसाठी केडंप.कॉन्फ मध्ये एसएसएचची ओळ द्या, केडंपसीटीएल प्रोपगेट चालवा म्हणजे की तिकडे जाते, आणि मेकडंपफाइलला -एफ (कॅपिटल) लावा. तिकडे फाइल व्हीएमकोर.फ्लॅट नावाने पडते, ती मेकडंपफाइल -आर (हाही कॅपिटल) ने सरळ करून घ्यायची. पण हा बदल केलात की आजची टेस्ट धरायची नाही, दुसऱ्या कर्नलला आता नेटवर्क पण उभं करायचंय आणि त्याला मेमरी पुन्हा जास्त लागते, तेव्हा कन्सोल उघडा आणि पुन्हा पहिल्यापासून पाडा.