दिद्दा आणि नाण्यांवरचा 'दि'

काश्मीरची राणी दिद्दा हिची सत्ता नातवांना संपवल्यावरच, म्हणजे इ.स. ९८० नंतर सुरू झाली, असं म्हटलं जातं. गादीवर ती तेव्हा बसली हे बरोबर, पण सत्ता त्याआधीपासून होती. नवरा क्षेमगुप्त (मृत्यू ९५८) याची तांब्याची नाणी पाहा. एका बाजूला बसलेली देवी, दुसरीकडे उभा राजा, आणि शारदा या काश्मीरच्या जुन्या लिपीत 'दि क्षेमगुप्त'. हा 'दि' दिद्दाचा! झिजलेल्या नाण्यावर तो सहज निसटतो, म्हणून दोन्ही बाजू तपासाव्यात.

नातवांवरच्या जारणमारणाचा आरोप 'राजतरंगिणी' हा काश्मीरचा इतिहास लिहिणाऱ्या कल्हणाचा, तोही तिच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी लिहिलेला. तिच्या चौसष्ट प्रतिष्ठापनांची (मंदिरं, मठ वगैरे उभारल्याची) नोंदही त्याचीच. ती मात्र कुणी सांगत नाही, हा मला अन्याय वाटतो.