गिनी-बिसाऊमध्ये काजूच्या हंगामासाठी चार महिने राहायचे आहे: अनुभव हवेत

वेंगुर्ल्याचा काजूवाला

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा लहानसा कारखाना आहे. कोकणातली काजूबी वर्षभर पुरत नाही, म्हणून इतर कारखानदारांप्रमाणे आम्हीही आफ्रिकेतून आलेली बी व्यापाऱ्यांकडून घेतो, आणि त्यात पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊच्या बीचा गर आम्हाला नेहमीच चांगला उतरला आहे. ज्यांच्याकडून आम्ही माल घेतो त्यांनी यंदा मला विचारले आहे, की एप्रिल ते जुलै गिनी-बिसाऊमध्ये राहून खरेदीच्या मालाची प्रत तपासण्याचे काम करशील का. माझे वय २९ आहे, दापोलीहून कृषी पदवी घेतली आहे आणि आजवर परदेशी गेलेलो नाही.

घरी नकाशा उघडून देश दाखवला, तेव्हा आईने विचारले की तिथे भात मिळतो का आणि तिथे लढाई तर चालू नाही ना. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी शोधून दिले, दुसऱ्याचे देता आले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये निवडणुकीचा निकाल जाहीर होण्याआधीच लष्कराने सत्ता हाती घेतली, एवढे वाचले आहे. तेथे काही काळ राहून आलेल्यांनी रोजचे जगणे, तब्येत, भाषा आणि प्रत्यक्ष काम यांविषयी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

कुडाळकर

मी २०१८, २०१९ आणि २०२२ असे तीन हंगाम तेथे काढले आहेत. माझे मत आधीच सांगतो, की आपण जावे. मात्र कोणत्या कामाला जात आहोत हे नीट समजून जावे.

देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ३६,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागापेक्षा थोडा मोठा, आणि लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. निर्यातीतून येणाऱ्या पैशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक पैसा कच्च्या काजूबीचा असतो आणि ती बी मुख्यतः भारतात आणि व्हिएतनामला जाते. आपल्याकडे काजू पडला तर आंबा असतो, फणस असतो, मुंबईहून येणारी मनीऑर्डर पूर्वीपासून आहे. तेथील शेतकऱ्याला वर्षाचे रोख उत्पन्न देणारे पीक हे एकच, आणि त्या पैशांतून किंवा थेट काजूच्या बदल्यात तो पावसाळ्याचा तांदूळ घेतो. एक किलो तांदळाला किती किलो काजू द्यावा लागतो, यावर त्या घराचे वर्ष ठरते.

हंगामाला तेथे ‘कांपान्या’ म्हणतात. सुरुवातीला सरकार किमान दर जाहीर करते. २०१८ मध्ये हा दर किलोला १,००० फ्रँक (तेथील चलन) जाहीर झाला, तो बाहेरच्या बाजाराला झेपणारा नव्हता, आणि खरेदीदार हात राखून बसले. ऐन मे महिन्यात शेतकऱ्यांच्या घरात पोती भिंतीला लागलेली आणि आमची गोदामे रिकामी, असे चित्र मी पाहिले आहे. पावसाची पहिली सर आली की बी भिजण्याच्या भीतीने लोक मिळेल त्या भावाने विकतात, हे तेथील लहान दलालांना पक्के ठाऊक असते.

आता आपल्या कामाविषयी. पोत्यांच्या थप्पीतून वरची, मधली आणि तळाची अशी बी घेऊन एक किलोचा नमुना करायचा, बिया मोजायच्या आणि एकेक कापायची. निरोगी गराचे वजन पूर्ण धरायचे, डाग पडलेल्या किंवा सुरकुतलेल्या गराचे निम्मे, आणि किडलेला सोडून द्यायचा. ही बेरीज २९० ग्रॅम आली, तर ८० किलोच्या पोत्याला सुमारे ५१ पौंड गर बसतो, आणि व्यापारात ‘आउटटर्न ५१’ म्हणतात ते हेच. आपली वेंगुर्ला-७ जातीची बी सरासरी दहा ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभर मावतात. तेथे किलोत दोनशेच्या आसपास बसतात. त्यामुळे पहिल्या दिवशी बारीक बी पाहून नाक मुरडू नका, कारण आतला गर भरलेला असतो.

ओइओ भागातल्या एका गावी आंब्याच्या झाडाखाली मी असा नमुना कापत होतो. माल घेऊन आलेली बाई माझ्यासमोर उकिडवी बसली आणि मी कापलेली प्रत्येक बी उचलून स्वतः पाहू लागली. मी निम्म्यात टाकलेले दोन गर तिने नखाने खरवडले. आत पांढरे स्वच्छ निघाले, डाग सालीपुरताच होता. तिने ते काही न बोलता चांगल्या ढिगात ठेवले, आणि मीही ते तेथेच राहू दिले, कारण चूक माझी होती. त्यानंतर मी शेतकऱ्याला समोर बसवल्याशिवाय कधीही बी कापली नाही. ज्या दलालामार्फत आम्ही त्या गावात पोहोचलो होतो, त्याचा काटा पोत्यामागे तीन-चार किलो कमी दाखवतो, हे त्याच बाईने मला नंतर दाखवून दिले. त्याच्याकडून घेणे आम्ही थांबवले, पण तोवर किती पोती त्या काट्यावरून गेली असतील याचा विचार आजही त्रास देतो.

राज्य उलथण्याविषयी आईंना खोटा दिलासा देऊ नका. १९७४ मध्ये पोर्तुगालची सत्ता गेल्यानंतर तेथे अनेकदा सत्ता बंदुकीने बदलली आहे, १९९८-९९ मध्ये राजधानीतच लढाई झाली आणि २०१२ मध्येही लष्कराने सत्ता घेतली. माझ्या तिन्ही हंगामांत रस्त्यावरच्या माणसाने परक्याला दुखावल्याचे मला दिसले नाही. तरीही विमानाच्या परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे, थोडे युरो कायम अंगावर ठेवावेत आणि कोठे राहतो हे शेजारच्या सेनेगलमधील डाकारच्या भारतीय दूतावासाला कळवून ठेवावे.

गुहागरची सून

माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षे राजधानी बिसाऊ शहरात राहिलो. कुडाळकरांनी कामाचे लिहिले आहे, मी घरातले लिहिते.

भात मिळतो, आणि दोन्ही वेळा मिळतो. आईंना निर्धास्त करा. भातावर मासळीचा रस्सा, कधी शेंगदाण्याचा दाट रस्सा, कधी ताडाच्या लाल तेलातले कालवण असते. अंबाडीसारखी आंबट पाने तेथे ‘बगीच’ नावाने मिळतात आणि तिच्या लाल बोंडांचे सरबत उन्हाळ्यात घरोघरी करतात. किन्यामेल गावी कालवे खायला लोक मुद्दाम जातात. आपल्याकडे कालवे खडकांवरून कोयतीने फोडून काढतात, तेथे ती कांदळवनाच्या मुळ्यांना घोसाने लगडलेली असतात आणि बायका ती मुळ्यांवरून काढून आणतात. त्यावर लिंबू आणि मिरची. त्या ताटासमोर बसल्यावर मला माहेरच्या खाडीची फार आठवण आली होती. शाकाहारी असाल तर मात्र अवघड जाईल, कारण भाजीतही सुकी मासळी पडते.

भाषा पोर्तुगीज आणि त्यापेक्षा कितीतरी अधिक क्रियोल, म्हणजे पोर्तुगीज आणि तेथील भाषा मिसळून झालेली बोली. आपल्याकडचे काजू, पाव, चावी, बालदी, पगार हे शब्द मुळात पोर्तुगीजांकडून आलेले असल्यामुळे बाजारात कान लवकर जुळतो. भेटल्यावर लगेच कामाचे बोलू नये. ‘कुमा दि कुर्पू?’ म्हणजे शरीर कसे आहे, असे आधी विचारायचे, मग घरच्यांचे, आणि मगच भाव. ही चौकशी टाळणाऱ्याला तेथे उर्मट समजतात.

बिसाऊला वीज काही वर्षे बंदरात नांगरलेल्या एका तुर्की जहाजावरून मिळत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये थकबाकीमुळे ती तोडली तेव्हा सारे शहर अंधारात गेले होते. आपण गावाकडे असाल तर सौर दिवा आणि पाण्याची गाळणी यांवाचून भागणार नाही.

तब्येतीविषयी मी जरा आग्रहाने लिहिते. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी आणि पिवळे प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे. ते नसेल तर परत येताना आपल्याकडच्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. त्याहून मोठी काळजी हिवतापाची आहे. तेथील हिवताप फाल्सिपेरम जातीचा, जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितले असेल तितके दिवस घ्याव्यात. यजमान गुहागरला परतल्यावर अकराव्या दिवशी तापले. त्यांच्या गोळ्या प्रवासाच्या गडबडीत बंद झाल्या होत्या. दवाखान्यात साधा ताप म्हणून औषध दिले गेले आणि आम्ही कोठून आलो हे कोणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी मीच हट्ट धरून रक्त तपासायला लावले आणि त्याच रात्री त्यांना चिपळूणला हलवावे लागले. ते वाचले, पण ते तीन दिवस मी विसरू शकत नाही. पुढचे तीन महिने कोणताही ताप आला तर पहिले वाक्य ‘मी पश्चिम आफ्रिकेतून आलो आहे’ हेच बोला.

खारेपाटचा शेतकरी

मी पेणजवळचा. आमची तीन पिढ्यांची शेती खारबांधाच्या आतली आहे, म्हणून माझा रस काजूपेक्षा भातात. बारा वर्षांपूर्वी तीन आठवडे फिरायला म्हणून गेलो आणि त्यातले दोन आठवडे बांधांवरच गेले.

तेथे खाडीकाठच्या भातशेतीला ‘बोलान्या’ म्हणतात, आणि बालांता समाजाचे लोक त्यात निष्णात आहेत. कांदळवनाच्या मागे मातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवतात, मग दोन-चार पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन निघण्याची वाट पाहतात. आमच्याकडे उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी काढतात, तेथे पूर्वी बांधाखाली पोखरलेला झाडाचा बुंधा नळीसारखा बसवून त्याला बूच मारत, आता प्लॅस्टिकची नळी असते. फरक मला सर्वांत जाणवला तो अवजारात. नांगर नाही, बैल नाही. माणसाच्या उंचीहून लांब दांड्याचे, टोकाला लोखंडाची पात लावलेले लाकडी फावडे घेऊन पुरुष चिखलाचा मोठा काप उचलतो आणि बाजूला पालथा घालतो, की उंच वरंबा तयार होतो. वरंब्यावर रोप लावले म्हणजे पावसाने मीठ खाली सरीत उतरते. मी ते फावडे हातात घेऊन दहा काप काढले आणि अकराव्याला कंबर धरली. पासष्टीचा यजमान संध्याकाळपर्यंत तेच करीत होता.

आपण कृषी पदवीधर आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या देशाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल हे स्वतः कृषितज्ज्ञ होते. १९५३ मध्ये त्यांनी तेथील शेतीची गणना केली, गावोगाव हिंडून कोण काय पिकवतो हे नोंदवले, आणि पुढे त्याच माहितीच्या बळावर लोकांना उभे केले. २० जानेवारी १९७३ रोजी शेजारच्या गिनी देशाच्या राजधानीत, कोनाक्रीत, त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात स्वातंत्र्याची घोषणा झाली. बिसाऊच्या आमुरा किल्ल्यात त्यांची समाधी आहे. आपण तेथे जाऊन यावे असे मनापासून वाटते.

काजूविषयी माझी तक्रार आहे, आणि ती आपल्या व्यवसायावर नाही. काजूत रोख पैसा दिसू लागला तशी तरुण मुले चिखलातून बाहेर पडली, बांधांना खांडी पडल्या आणि खारे पाणी आत आले. आमच्याकडे हेच कारखान्यांच्या नोकऱ्यांनी झाले. ज्या घरचा बांध शाबूत आहे ते घर काजूचा भाव पडला तरी उपाशी राहत नाही, हे मी तेथे एकाहून अधिक गावांत ऐकले. खरेदीला जाल तेव्हा त्या गावाची बोलान्या अजून चालू आहे का, हे जरूर विचारा. भाव करताना समोरचा किती अडलेला आहे हे त्यावरून आपल्याला कळेल, आणि ते कळल्यावर आपण काय कराल ते आपल्यावर आहे.

जूनमध्ये सवड मिळाली तर बिजागोस बेटांवर जा. ऐंशीहून अधिक बेटे आहेत, वस्ती थोड्यांवरच. पोयलाँव बेटावर हिरव्या कासवांच्या माद्या जितक्या येतात तितक्या अटलांटिकच्या फार थोड्या किनाऱ्यांवर येत असतील. वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ते पाहावेसे वाटेल असे आहे.

वेंगुर्ल्याचा काजूवाला

तिघांचेही मनापासून आभार. गुहागरच्या ताईंचे लिहिणे आईला वाचून दाखवले, त्यातले हिवतापाचे दोनदा. लसीची तारीख घेतली आहे आणि मी होकार कळवला आहे. कुडाळकर, येथून काय न्यावे जे तेथे मिळणार नाही?

कुडाळकर

दोन चांगले कटर, कारण तेथे मिळणाऱ्यांची धार लवकर जाते. ओलावा मोजायचे यंत्र व्यापारी देतीलच, पण त्याच्या बॅटऱ्या आपल्या घ्या. आणि वजनमापे विभागाचा शिक्का असलेली पाच किलोची दोन लोखंडी वजने न्या. विमानात जड पडतील, कपडे कमी करा. गावात पोहोचलात की पहिले पोते चढवण्याआधी ती वजने काट्यावर ठेवून सर्वांना आकडा पाहू द्या. लांब उभ्या असलेल्या बायकांनाही पुढे बोलवा.